ज्यात कुणाचाच हात नाही

यंत्राला हरवता येतं असं ज्यांना वाटे, त्यांच्यासाठी हर्षाली गुरवकडे एक ठरलेलं उत्तर होतं. "हरवा की! फक्त ते तुमच्याशी खेळतच नाहीये, एवढं लक्षात असू द्या."

लग्नाकार्यात पाहुणे तिला हमखास कोपऱ्यात गाठत. ही गोव्यात पर्वरीच्या चाचणी केंद्रात कॅसिनोची यंत्रं तपासते, म्हणजे कुठलं यंत्र 'तापलंय', आता पैसे देणार, ते हिला ठाऊक असणारच, असा सगळ्यांचा पक्का समज. मग हर्षाली जेवणाचं ताट हातात धरून शिकवणी सुरू करी. चाकं फिरतात, दमतात आणि कुठेतरी थांबतात, असं तुम्हाला वाटतं ना? तसं काही नसतं. यंत्राच्या पोटात एक प्रणाली सेकंदाला हजारो आकडे काढत बसलेली असते, समोर कोणी असो वा नसो. तुम्ही बटण दाबलंत की त्या क्षणीचा आकडा उचलला जातो आणि निकाल तिथल्या तिथे लागतो. नंतर जी चाकं फिरतात ती लग्न लागून गेल्यावर निघालेली वरात. त्या आकड्याला मागचं काही आठवत नाही. हरलेल्याची त्याला दया नाही, जिंकलेल्याचा राग नाही. शंभर रुपये आत गेले तर लांबच्या हिशेबात ब्याण्णव बाहेर येतात आणि आठ मालकाकडे राहतात. तेव्हा खेळायचं तर सिनेमाच्या तिकिटासारखे पैसे काढून ठेवा, गेले म्हणून समजा आणि वेळ झाली की उठा.

पाहुणे मान डोलवत आणि विचारत, "ते खरं गं, पण कुठलं तापलंय?"

गेल्या दोन वर्षांत मात्र या यंत्रांत एक नवी गोष्ट आली होती. तिचं नाव 'मर्जी'. पडद्याच्या वरच्या कडेला तांदळाएवढा कॅमेरा, आणि त्याच्यामागे खेळणाऱ्याच्या डोळ्यांतली बाहुली वाचणारी प्रणाली. माणसाला एखाद्या गोष्टीची आस लागली की डोळ्यांतली बाहुली मोठी होते, पापणी लवायची थांबते, श्वास अडतो. ते आपल्या काबूत नसतं. मर्जी ते टिपते. निकाल बदलायची तिला कायद्याने बंदी होती आणि ती बंदी ती काटेकोर पाळे. पण हरलेला निकाल दाखवायचा कसा, याला बंदी नव्हती. चाक झटकन थांबवायचं की रेंगाळत, हुकलेलं चित्र एका घराने हुकवायचं की दोन, दहा रुपये घालून चारच परत आले तरी घंटा वाजवायची की नाही. मर्जी हजार तऱ्हा करून पाही आणि ज्या तऱ्हेला बाहुली सगळ्यात मोठी होई ती तऱ्हा त्या माणसासाठी जपून ठेवी. प्रत्येकाचं हरणं ज्याच्या त्याच्या मापाने शिवलेलं.

ही मर्जी तपासणाऱ्यांत हर्षालीच होती. निकालाचे आकडे तिने महिनाभर चाळले. ते स्वच्छ निघाले आणि तिने सही केली.

त्यानंतर वर्षाने, एका सकाळी, नेहमीच्या फेरतपासणीत ती मर्जीने जपून ठेवलेल्या तऱ्हा पाहत होती. खेळणाऱ्यांची नावं नसतात, नुसते क्रमांक. बहुतेक सगळ्या तऱ्हा एकमेकींच्या बहिणी वाटाव्यात अशा. मग एक वेगळीच आली. पहिली दोन चाकं सरळ थांबली, कमळ आणि कमळ. तिसऱ्यावरचं कमळ खिडकीत आलं आणि खालच्या कडेने सुटल्यासारखं झालं. लोंबलं. थरथरलं. पुन्हा चिकटलं. आता पडतं की मग पडतं अशा बेताने किती वेळ तसंच राहिलं, आणि मग निसटून खाली गेलं.

शेजारच्या टेबलावरचे मेंडिस साहेब म्हणाले, "हे काय विचित्र? यंत्र बिघडलं की काय?"

हर्षालीने तो डाव पुन्हा चालवून पाहिला. ते कमळ कसं पडतंय हे तिला ओळखीचं होतं. तिने लहानपणी रोज पाहिलं होतं.

दोडामार्गाकडच्या तिच्या गावात रवळनाथाच्या देवळात तिचे वडील, विश्राम गुरव, कौल लावत. देवाच्या पाषाणावर उजव्या-डाव्या अंगाला पाण्याने ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, माणसाचं गाऱ्हाणं देवापुढे घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. काहीच पडली नाही तर देव आज बोलत नाही, उद्या या. पाणी सुकत जातं तशी पाकळी आधी कडेने सुटते, लोंबते, थरथरते. त्या थरथरीकडे विश्राम गुरवांनी आयुष्यभर पाहिलं होतं. असं थरथरणारं चाक पाहून ज्याची बाहुली मोठी होईल, असा माणूस जगात कितीसा असणार?

तिने त्या क्रमांकाची नोंद काढली. दर बुधवारी दुपारी येतो, कॅसिनोच्या फुकट बसने. ठरलेले थोडेच पैसे आणतो. यंत्राने 'आज पुरे' म्हटलं की लगेच उठतो. दारू नाही, उधारी नाही. संयमी खेळाच्या सगळ्या खुणा हिरव्या. इतरांना दाखवावा असा नमुनेदार खेळाडू. फक्त एकच गंमत होती. दोन दाबांच्या मध्ये तो फार वेळ घेई, आणि तेवढ्या वेळात त्याचे ओठ हलत असत.

बाबा यंत्रापुढे गाऱ्हाणं घालत होते.

"साहेब, मर्जीवर आक्षेप घ्यायला हवा," हर्षाली म्हणाली.

"कुठल्या नियमाखाली? निकाल बदलला का तिने?"

"नाही."

"माणूस बुडाला का?"

"नाही."

"मग थरथरण्यावर नियम कुठला आहे, मला दाखव." मेंडिस माणूस वाईट नव्हता. नियम खरंच नव्हता.

*

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या हृदयाचं ऑपरेशन मुंबईला करावं लागेल असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा आई, सत्यवतीबाई, नारळ घेऊन देवळात गेल्या. मुंबईला जाऊ का, असं त्यांनी देवाला विचारलं. गावाची रीत अशी की कौल लावणाऱ्याने स्वतःसाठी कौल घ्यायचा नाही. पण बायको विचारते म्हटल्यावर पाकळ्या लावायच्या नवऱ्यानेच, दुसरा गुरव होता कुठे? डावी पडली. सत्यवतीबाई घरीच राहिल्या आणि शिमग्याच्या आधी गेल्या.

हर्षाली फोनवर ओरडली होती, रडली होती. मग गप्प झाली. ती महिन्यातून एकदा गावी जाई, बाबांची औषधं भरून ठेवी, डाळ-भात रांधून ठेवी आणि परत येई. त्या विषयावर दोघंही अवाक्षर काढत नसत. घरात तो विषय दारातल्या चपलांसारखा पडलेला असे आणि दोघं त्याला वळसा घालून जात.

वर्षश्राद्धाला बाबांनी तिला विचारलं होतं, तू नेमका काय करतंस गो थंयसर? बोलायला काहीतरी सापडलं म्हणून तिने हौसेने सगळं सांगितलं. आकडा कसा निघतो, कुणालाच कसा आधी कळत नाही. बाबांनी खोदून खोदून विचारलं होतं.

"मालकाचोय हात नाय त्यात?"

"नाय."

"सरकारचो?"

"नाय, बाबा."

"आणि तुझो?"

"माझोय नाय. कोणाचोच हात नाय. म्हणान तर मी सही करतंय."

त्यावर बाबा उठून बाहेर ओसरीवर गेले होते. म्हातारा कंटाळला, असं तेव्हा हर्षालीला वाटलं होतं.

*

बुधवारी दुपारी विमानतळाजवळच्या त्या कॅसिनोत ती शिरली तेव्हा आत भर दुपारी संध्याकाळ केलेली होती. तपासनीस म्हणून तिला कुठेही फिरता येई. रांगेच्या टोकाला, भिंतीकडच्या यंत्रापुढे बाबा बसले होते. धुतलेलं धोतर, वर कोट, पायातल्या चपला काढून खुर्चीखाली नीट जोडून ठेवलेल्या. देवापुढे बसावं तसे ते त्या डबड्यापुढे बसले होते.

"बाबा."

ते दचकले. चोरी पकडली गेल्यासारखं तोंड झालं, आणि लगेच सावरलं. "गो बाय, तू हयसर कशी? बस, बस. बोलू नको जरा. आता येतला ता."

"काय येतला?"

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. तिसरं कमळ लोंबत होतं. थरथरत होतं. बाबांचा श्वास अडलेला होता, पापणी लवत नव्हती. कमळ निसटलं. बाबांनी श्वास सोडला आणि म्हणाले, "बघलंस? थोडक्यात गेला."

"बाबा, तुमी ह्येका काय विचारतास?"

शेजारच्या यंत्रावर एक बाई हरल्या आणि त्यांच्या यंत्राने घंटा वाजवली. मग बाबा अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "तुझ्या आवशीच्या येळाक पाकळये मी चिकटवलंय. पाणी मी लायलंय. माका तिका धाडूक नको होता, बाय. थंय परक्या गावात ती माझ्याशिवाय मरात, हाच भ्याव पोटात. हात कापत होतो माझो. डाव्या पाकळयेक पाणी कमी लागला काय गो? ती देवान पाडल्यान, काय माझ्या हातान पडली?"

हर्षाली त्यांच्याकडे वाकली.

"देवळात मी माझ्यासाठी विचारू शकणय नाय. दुसऱ्या गावच्या गुरवाक सांगूचा तर लाज वाटता, आणि हात तर त्याचोय आसताच. मगे तूच सांगितलंस मा, ह्येच्यात कोणाचोच हात नाय म्हणान. मी म्हटलंय, मगे देवाक बोलूक हीच जागा बरी. तीन कमळां इली तर देव. तीन मासे इले तर मी."

"आणि एकदाय नाय इले?"

"एकदाय नाय. पण दरखेपेक असा वाटता, आता सांगता, आता सांगता."

तिला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. ही समजूत तिने स्वतःच्या तोंडाने पेरली होती, तीही हौसेने.

तिने समजावून सांगायचा प्रयत्न केला. निकाल बटण दाबल्याबरोबर लागतो, बाबा. नंतरचं थरथरणं लटकं आहे. हा वरचा बारका डोळा तुमचं तोंड वाचतो आणि तुम्हाला जे बघावंसं वाटतं ते दाखवतो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे मान हलवली. "तुका असा वाटता. पण पाकळी कशी पडता ता ह्या डबड्याक कोणी शिकवल्यान? तू शिकवलंस?"

"नाय."

"मगे?"

बिनतोड प्रश्न होता. हर्षालीने एकदा त्या बारक्या डोळ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "उठा. माका बसांदे. तुमी बाजूक रवा आणि बघा."

ती बसली. यंत्राला तिची ओळख नव्हती. पहिले काही डाव नुसतेच गेले. चाकं गरगरली आणि थांबली, कमळ लोंबलं नाही की थरथरलं नाही. बाबा वाकून पाहत होते. मग यंत्राने तिच्यासाठी चाचपायला सुरुवात केली. एकदा घंटा वाजवली. एकदा चाकं उलटी फिरवली. एकदा तिन्ही चाकांवर तीन दिवे आले, अगदी ओळीत, फक्त मधला एक घर वर. पुन्हा तसंच, या खेपेला पहिला एक घर खाली. हर्षालीचा स्वभाव असा की भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली तर ती परक्याच्या घरातही उठून सरळ करी. यंत्राला ते कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या डावात ओळ आणखी जवळ आली. आता एवढंसं सरळ झालं की झालं. तिने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. हे सगळं कसं चालतं हे तिच्याइतकं त्या दालनात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरी तिचा हात पुन्हा बटणाकडे गेला.

"हर्षाली, पुरे!"

बाबांनी तिचं मनगट धरलं होतं. ती भानावर आली. बाबा पडद्याकडे पाहतच नव्हते, तिच्या तोंडाकडे पाहत होते. कौलाला आलेल्या माणसांची तोंडं त्यांनी जन्मभर पाहिली होती, आस लागलेलं तोंड त्यांना परकं नव्हतं.

"तुझा तोंड बघून नाचता गो ता," ते म्हणाले. "तुका थरथर नाय दाखवल्यान. तुका ओळ दाखवल्यान."

"व्हय, बाबा."

"म्हणजे पाकळी माझ्याच डोळ्यातसून काढल्यान."

"व्हय."

"म्हणजे हयसरय हात आसाच. माझोच." ते खुर्चीचा आधार घेऊन उभे राहिले. "आणि तू म्हणालंस, तुझो नाय."

"आसा, बाबा. ह्या मर्जीखाली सही माझी आसा. आकडे तेवढे बघलंय मी. माणूस बघलंय नाय. उद्या मी लिवन देतलंय. नियम नसलो तरी लिवतलंय."

पण बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं. देवळाचं दार त्यांना रीतीने बंद, आणि हे दार आत्ता डोळ्यांदेखत बंद झालं होतं. विचारायला जागाच उरली नव्हती. एवढ्या गजबजाटात तो माणूस इतका एकटा दिसला की हर्षालीने पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात धरले.

"बाबा, माका विचारा."

"तू काय सांगतलंस?"

"विचारा तरी."

विश्राम गुरवांचे ओठ सवयीने हलले. गाऱ्हाण्याचे शब्द आले आणि गेले. मग साध्या माणसासारखं, बापासारखं, त्यांनी विचारलं, "तुझ्या आवशीचा माझ्या हातान चुकला काय गो?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! 'नाही हो बाबा, तुमचं काही चुकलं नाही', एवढं म्हटलं असतं तर दोघंही डोळे पुसून बाहेर पडले असते. पण समोरचं यंत्र इतके महिने तेच तर करत आलं होतं. आवडेल ते दाखवत होतं.

"पाकळी कोणी पाडल्यान ता माका म्हायत नाय. कोणाकच कळाचा नाय. ऑपरेशन करून आये जगली असती काय, ताय डॉक्टर छातीक हात लावन सांगूक नाय. पण तिका न्हेवक व्हया होता, बाबा. पाकळी खंयचीय पडांदे. तिका गाडयेत घालून न्हेवक व्हया होता. तुमी भियालास. तुमचा चुकला."

तिला वाटलं, आता हे कोसळतील. तिने हात घट्ट धरले. पण बाबा कोसळले नाहीत. त्यांचे खांदे हळूहळू खाली आले. डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

"व्हय," ते म्हणाले. "व्हय गो. चुकला." थोड्या वेळाने म्हणाले, "दोन वर्सां कोणीतरी ह्या सांगात म्हणान वाट बघलंय. सगळे म्हणत, देवाची इच्छा."

"मी सांगूक व्हया होता. मी गप रवलंय."

"आणि तरी येतंस महिन्याक? औषधां भरतंस? एवढा मनात असून?"

"मगे काय करू? रागय तुमचोच येता आणि काळजीय तुमचीच वाटता. दोनय घेवन येतंय."

म्हातारा हसला की हुंदकला ते हर्षालीला नीट कळलं नाही. त्याने लेकीच्या खांद्यावर कपाळ टेकलं. आई गेल्यापासून दोघं इतकी जवळ उभी राहिली नव्हती. आजूबाजूची माणसं पाहत होती, पाहू देत.

यंत्राच्या बारक्या डोळ्याला मात्र त्या दालनातली त्या दिवसाची सगळ्यात मोठी गोष्ट दिसत होती. बाबांनी मान वर केली, तसा जुना खेळाडू पुन्हा समोर होता. त्याचा श्वास अडत होता, बाहुल्या पाण्याखाली कधी नव्हे इतक्या मोठ्या झाल्या होत्या. मर्जीने लगोलग त्याला एक फुकट डाव देऊ केला. आपण होऊन चाकं फिरवली. कमळ आलं, दुसरं कमळ आलं, आणि तिसरं खालच्या कडेने सुटून इतक्या जिवाने थरथरू लागलं, की तसं ते पूर्वी कधीच थरथरलं नव्हतं.

बाबांनी खाली वाकून खुर्चीखालच्या चपला पायांत घातल्या. "चल," ते म्हणाले, "भूक लागली माका." आणि यंत्राकडे पाठ करून ते लेकीचा हात धरून चालू लागले. मागे काय पडलं, ते दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही.